पाहुण्याचे सामान, मालकाची जबाबदारी: नाशिकमध्ये नव्याने लॉज किंवा हॉटेल सुरू करणाऱ्यांसाठी

पहाटे साडेचारच्या सुमारास पंचवटीतल्या कोणत्याही लॉजच्या काऊंटरवर हे दृश्य दिसते. रामकुंडावर स्नानाला निघालेली एखादी बाई पदराआडून रुमालाची गाठ काढते, ती काऊंटरवर ठेवते आणि म्हणते, “दादा, एवढं सांभाळा, आंघोळ करून आले की घेते.” काऊंटरवरचा मुलगा अर्धवट झोपेत मान हलवतो आणि ती गाठ गल्ल्याच्या खणात सरकवतो. रुमालात मंगळसूत्र असते, कधी कुड्या, कधी प्रवासाची सगळी रोकड. पावती कोणी देत नाही आणि मागतही नाही, कारण दोघांनाही तो व्यवहार वाटतच नाही. कायद्याच्या नजरेने मात्र त्या क्षणी एक पूर्ण व्यवहार झालेला असतो, आणि त्याची जबाबदारी त्या झोपाळू मुलावर नव्हे, तर त्याच्या मालकावर आलेली असते.

सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी जाहीर झाल्यापासून पंचवटी, द्वारका, नाशिकरोड आणि त्र्यंबक रस्त्यावर अनेकांनी घरांचे मजले वाढवून खोल्या काढल्या आहेत. त्यांपैकी बहुतेकांना परवाने, अग्निशमनाचा दाखला आणि पाण्याची टाकी यांची माहिती असते. पाहुण्याच्या सामानाबद्दल विचारले, तर ते ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी मालकावर राहणार नाही’ या भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवतात. या लेखात त्या फलकाच्या पलीकडचे सांगायचे आहे. मी वकील नाही. पंचवटीत बरीच वर्षे लॉज चालवताना जे वाचावे लागले आणि जे चुकून शिकावे लागले, ते क्रमाने मांडतो. प्रत्यक्ष वाद उभा राहिला, तर कागदपत्रे घेऊन वकिलाकडेच जावे.

पहिली पायरी: वस्तू कोणाच्या ताब्यात आहे, हे ओळखा

आपल्याकडे हॉटेलमालकाच्या या जबाबदारीसाठी वेगळा, नेमका असा कायदा नाही. इंग्लंडमध्ये १९५६ चा एक कायदा आहे आणि त्यात ठरावीक अटी पाळणाऱ्या मालकाची जबाबदारी एका वस्तूमागे ५० पौंड आणि एका पाहुण्यामागे १०० पौंड एवढ्यावर बांधलेली आहे. तशी मर्यादा आपल्या करार अधिनियमात नाही, त्यामुळे ‘आमची जबाबदारी फक्त अमुक हजारांपर्यंत’ असे छापून टाकणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. येथे लागू होतो तो भारतीय करार अधिनियम, १८७२, आणि त्यातील ‘बेलमेंट’चे, म्हणजे एखाद्या हेतूने वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देऊन काम झाल्यावर ती परत घेण्याच्या व्यवहाराचे, नियम. कलम १४८ मध्ये त्याची व्याख्या आहे. कलम १४९ सांगते की, वस्तू हातात देणे एवढाच ताबा देण्याचा मार्ग नाही; ज्या कृतीने वस्तू तुमच्या किंवा तुमच्या वतीने ती घेण्याचा अधिकार असलेल्या माणसाच्या ताब्यात येते, ती कोणतीही कृती पुरेशी आहे. गाडीची चावी घेणारा वॉचमन, बॅग उचलून काऊंटरमागे ठेवणारा रूम बॉय आणि रुमाल खणात टाकणारा मुलगा हे सगळे तुमचेच हात समजले जातात.

कलम १५१ हे या विषयाचे हृदय आहे. ताब्यात आलेल्या वस्तूची काळजी तुम्ही अशी घेतली पाहिजे, जशी एखादा सामान्य शहाणा माणूस तशाच परिस्थितीत तेवढ्याच प्रमाणाच्या, प्रतीच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची घेईल. तेवढी काळजी घेऊनही वस्तू गेली, तर वेगळा करार नसल्यास कलम १५२ तुम्हाला जबाबदारीतून सोडवते. येथे दोन गोष्टी नवख्यांच्या नजरेतून सुटतात. पहिली अशी की, कलम १५१ बेलमेंटच्या सर्व प्रकारांना लागू आहे; ‘आम्ही लॉकरचे पैसे घेतच नव्हतो, फुकट सांभाळत होतो’ असे म्हटल्याने काळजीचे माप कमी होत नाही. दुसरी अशी की, माप स्वतःच्या वस्तूचे आहे. तुमच्या बायकोचे मंगळसूत्र तुम्ही कुलूप नसलेल्या खणात, रात्रपाळीच्या मुलाच्या भरवशावर ठेवाल का, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच आहे, तर तो आधी आपणच स्वतःला विचारलेला बरा.

दुसरी पायरी: काऊंटरवर घेतलेल्या ठेवीची पद्धत लावा

मौल्यवान वस्तू सांभाळायला घेतलीच पाहिजे, अशी सक्ती करार अधिनियमात नाही. तुमच्याकडे तिजोरी नसेल, तर नम्रपणे नाही म्हणण्याची सवय काऊंटरला लावा. नाही म्हणण्याचा अवघडपणा दोन मिनिटांचा असतो. पण घेणार असाल, तर पद्धतीने घ्या.

त्यासाठी दुहेरी पावतीपुस्तक लागते आणि ते मेन रोडवरच्या कोणत्याही छापखान्यात मिळते. पावतीवर अनुक्रमांक, तारीख, वेळ, खोली क्रमांक, वस्तू देणाऱ्याचे पूर्ण नाव, घेणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव आणि दोघांच्या सह्या एवढे असले पाहिजे. वर्णन लिहिताना पोलिसांचा पंचनामा डोळ्यांसमोर ठेवा. पंचनाम्यात कधीही ‘सोन्याची साखळी’ असे लिहिलेले नसते, ‘पिवळ्या धातूची साखळी’ असे लिहिलेले असते, कारण लिहिणाऱ्याने ती कसोटीवर घासून पाहिलेली नसते. आपणही ‘सोन्याचे, दोन तोळे’ असे पाहुण्याच्या सांगण्यावरून लिहू नये. त्याहून चांगला मार्ग लखोट्याचा आहे. पाहुण्याने स्वतः वस्तू जाड लखोट्यात घालावी, तोंड चिकटवावे, जोडावर आडवी सही करावी, त्या सहीवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, आणि कर्मचाऱ्याने पावतीवर ‘बंद लखोटा, एक, आत काय आहे ते उघडून पाहिलेले नाही, पाहुण्याने सांगितलेली अंदाजे किंमत रुपये अमुक’ असे लिहावे. सांगितलेली किंमत तुमच्या तिजोरीच्या किंवा विम्याच्या आवाक्याबाहेर असेल, तर लखोटा तेथेच परत करावा. परत घेताना पाहुण्याने जोड शाबूत असल्याचे पाहून पावतीवर ‘लखोटा सहीसह जसाच्या तसा मिळाला’ असे लिहून सही करावी, म्हणजे नंतर ‘आत तीन होत्या, दोनच निघाल्या’ या तक्रारीला जागा उरत नाही. माझ्याकडे ही पद्धत सुरू केली, तेव्हा पहिले काही दिवस यात्रेकरूंना ती अविश्वासाची वाटली. ‘तुमच्याच सुखासाठी आहे’ असे सांगितल्यावर आता लोक स्वतःहून पावती मागतात.

परत कोणाला द्यायचे, हा प्रश्न गटाने येणाऱ्या यात्रेत हमखास येतो. खान्देशातून किंवा मराठवाड्यातून चाळीस माणसांची बस येते, त्यांचा पुढारी सगळ्यांच्या पिशव्या एकत्र ठेवतो आणि संध्याकाळी त्यांच्यातलाच दुसरा कोणी ‘माझी पिशवी द्या’ म्हणत येतो. कलम १६५ नुसार वस्तू अनेकांच्या सामाईक मालकीची असेल, तर त्यांच्यापैकी एकाच्या सांगण्यावरून ती परत करता येते. मात्र वेगळे काही ठरलेले नसले, तरच. चाळीस जणांच्या चाळीस पिशव्या ही सामाईक मालकी नव्हे. म्हणून अशा वेळी प्रत्येक पिशवीला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी आणि चिठ्ठीचा दुसरा अर्धा ज्याच्या हातात, त्यालाच पिशवी द्यावी. वस्तू ज्याने दिली त्यालाच सद्भावनेने परत केली आणि नंतर ती भलत्याचीच निघाली, तर कलम १६६ तुम्हाला खऱ्या मालकापुढे जबाबदार धरत नाही. तिसराच माणूस मालकी सांगत आला, तर न्याय करायला आपण बसू नये. कलम १६७ प्रमाणे त्याने न्यायालयाकडे जावे आणि वस्तू देणे थांबवून घ्यावे.

चेक-आऊट झाल्यावर ‘त्र्यंबकला जाऊन येतो, बॅगा राहू द्या’ म्हणणारे पुष्कळ असतात. या बॅगाही तुमच्याच ताब्यात आहेत, खोलीचे भाडे संपल्याने त्यात फरक पडत नाही. जिन्याखाली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताशी त्यांची रास लावणे ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक आहे.

तिसरी पायरी: खोलीतल्या सामानाचा वेगळा विचार करा

पाहुण्याने खोलीत स्वतःजवळ ठेवलेली बॅग काऊंटरवर दिलेल्या लखोट्यासारखी नाही. चावी त्याच्याकडे आहे आणि काय आणले तेही त्यालाच ठाऊक आहे. पण येथेही मालक मोकळा सुटत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर १९२२ मध्ये आलेल्या ‘जॅन अँड सन विरुद्ध कॅमेरून’ या प्रकरणात पाहुणा जेवायला गेला असताना त्याच्या खोलीतून वस्तू चोरीस गेल्या होत्या. खोली सुरक्षित नाही हे मालकाला माहीत होते, म्हणून त्याला जबाबदार धरले गेले. शंभर वर्षांपूर्वीचा हा निकाल आजही आपल्या लॉजच्या दारांना अचूक लागू पडतो. खिडकीचा गज निसटलेला, बाथरूमच्या झरोक्याला जाळी नाही, कडीचा कोयंडा हलतो, आणि हे सगळे तीन आठवड्यांपासून देखभालीच्या वहीत लिहून ठेवलेले आहे, अशी स्थिती असेल, तर ती वही तुमच्याच विरुद्धचा पुरावा आहे. दुरुस्ती होईपर्यंत ती खोली देऊच नये.

दुसऱ्या चावीचा हिशेब हा खोलीच्या सुरक्षेचा निम्मा भाग आहे. दुसऱ्या चाव्यांचा जुडगा खिळ्यावर लटकत असेल, तर खोलीत कोण गेले होते हे कोणालाच सांगता येत नाही. तो जुडगा कुलूपबंद ठेवावा, आणि कोणी, किती वाजता, कशासाठी नेला आणि कधी परत ठेवला, हे वहीत लिहावे. खोलीत आकड्यांची छोटी तिजोरी बसवली असेल, तर तिला मालकाचा वेगळा आकडा असतो. कारखान्यातून येताना असलेला तो आकडा बदललेला आहे ना, हे स्वतः पाहा, कारण बरेच जण तो तसाच ठेवतात. आकडा विसरलेल्या पाहुण्यासाठी तिजोरी उघडायची झाल्यास दोन माणसांच्या उपस्थितीत, पाहुण्याची सही घेऊन उघडावी.

त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीसाठी येणारी कुटुंबे तीन दिवस राहतात आणि विधीच्या वेळी खोली बराच काळ रिकामी असते. नेमक्या त्याच वेळी साफसफाई होते. अशा खोल्यांची साफसफाई पाहुणा असताना किंवा दोघांनी मिळून करावी.

चौथी पायरी: गाडी आणि चावी

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १४ नोव्हेंबर २०१९ चा निकाल प्रत्येक मालकाने समजून घेतला पाहिजे. १ ऑगस्ट १९९८ रोजी रात्री अकराच्या सुमारास एक गृहस्थ दिल्लीतील ताजमहाल हॉटेलमध्ये आले आणि त्यांनी आपली मारुती झेन चावीसह हॉटेलच्या माणसाकडे पार्किंगसाठी दिली. त्यांना मिळालेल्या चिठ्ठीवर गाडी पाहुण्याच्या स्वतःच्या जोखमीवर उभी असल्याचा मजकूर छापलेला होता. रात्री एकच्या सुमारास ते बाहेर आले, तेव्हा गाडी दुसराच कोणीतरी घेऊन गेला होता. चाव्या ठेवलेल्या टेबलावरून त्याने चावी उचलली होती. विमा कंपनीने त्यांना २ लाख ८० हजार रुपये दिले आणि मग ग्राहक आयोगामार्फत ती रक्कम हॉटेलकडे मागितली. वीस वर्षांनंतर निकाल हॉटेलच्या विरुद्ध गेला.

त्यातली सूत्रे अशी आहेत. चावी घेतली म्हणजे बेलमेंट झाले. पार्किंग फुकट असले, तरी त्याचा मोबदला खोलीच्या, जेवणाच्या दरात अंतर्भूत असतो. गाडी परत देता आली नाही, की हॉटेलचा निष्काळजीपणा प्रथमदर्शनी गृहीत धरला जातो आणि आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करणे हॉटेलवर येते. आणि स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी चिठ्ठीवरच्या छापील ओळीने झटकता येत नाही. मात्र न्यायालयाने मालकाला कोणत्याही परिस्थितीत जबाबदार धरलेले नाही: तिऱ्हाइताचे कृत्य, नैसर्गिक आपत्ती, पाहुण्याचा स्वतःचा हलगर्जीपणा या गोष्टी मालकाला मांडता येतात. पाहुण्याने गाडी स्वतः उभी केली आणि चावी खिशात ठेवली, तर स्थिती बरीच बदलते. म्हणून लहान लॉजने चावी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाड्या एकामागे एक लावाव्या लागत असतील आणि चावी घ्यावीच लागत असेल, तर चाव्यांची पेटी कुलपाची हवी आणि चिठ्ठी दाखवल्याशिवाय चावी हलता कामा नये.

नैसर्गिक आपत्तीचा मुद्दा नाशिकमध्ये जपून वापरावा लागतो. गोदावरीला पूर येतो, हे येथे कोणालाही अचानक कळत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवण्याचा इशारा दिला जातो, किती क्युसेकने पाणी सोडले हे सगळ्यांच्या मोबाइलवर येते, आणि गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागले की कंबरेला, यावरून म्हाताऱ्या माणसांना पुढचे कळते. २००८ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या मालकाने नदीकाठच्या तळघरात पाहुण्यांच्या गाड्या राहू दिल्या आणि मग ‘देवाची करणी’ म्हटले, तर कलम १५१ मधील ‘तशाच परिस्थितीतला शहाणा माणूस’ त्याच्या विरुद्ध उभा राहतो, कारण शेजारच्या दुकानदाराने आपला माल संध्याकाळीच माळ्यावर चढवलेला असतो. पावसाळ्यात इशारा आला की पाहुण्यांना फोन करावा, गाड्या वर हलवाव्यात आणि कोणाला किती वाजता फोन केला, ते लिहून ठेवावे.

पाचवी पायरी: फलक आणि नोंदणी-पत्रक नीट लिहा

‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी मालकावर राहणार नाही’ हा फलक काढून टाका, असे मी म्हणत नाही. त्याची भाषा बदला. उपयोगी फलक पाहुण्याला काय करायचे ते सांगतो: ‘दागिने व रोकड काऊंटरवर पावती घेऊन तिजोरीत ठेवावी. खोलीतून बाहेर जाताना कुलूप लावून चावी काऊंटरवर द्यावी. ओळखपत्राशिवाय दुसरी चावी मिळणार नाही.’ असा फलक असूनही पाहुण्याने पाच तोळे उशीखाली ठेवले आणि दार उघडे टाकले, तर त्याचा हलगर्जीपणा दाखवायला तुमच्याकडे आधार असतो. फलक मराठी व हिंदीत असावा आणि तेच नियम नोंदणी-पत्रकावर छापून त्याखाली सही घ्यावी. सही खोली देण्यापूर्वी घ्यावी. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या सहीला फारसे वजन नसते.

ओळखपत्राची प्रत घ्यावी, मूळ कागद अडकवून ठेवू नये. पारपत्र तर कायद्याने केंद्र सरकारच्या मालकीचे असते, ते बिलासाठी ठेवून घेण्याचा विचारही करू नये.

विम्याच्या एजंटला एकच प्रश्न विचारावा: पाहुण्यांच्या वस्तू आणि गाड्या या पॉलिसीत स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या आहेत का? चोरीची साधी पॉलिसी बहुधा मालकाच्या वस्तूंपुरती असते.

सहावी पायरी: वस्तू गेल्याची तक्रार आली की

येथे माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पाहुण्याची साखळी गेली. मी आरडाओरड ऐकली आणि सफाई करणाऱ्या मावशींना काऊंटरजवळच्या स्टुलावर बसवून ठेवले. दोन तास त्या रडत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी धोब्याकडून फोन आला, साखळी उशीच्या अभ्र्यात निघाली. मावशी पुन्हा कामावर आल्या नाहीत, आणि त्यांनी पोलिसांत जायचे ठरवले असते, तर आरोपी मीच झालो असतो. कोणालाही त्याच्या मर्जीविरुद्ध अडवणे किंवा बसवून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ आणि १२७ खालचा गुन्हा आहे, मग तो नोकर असो की पाहुणा. झडती घेणे पोलिसांचे काम आहे.

मालकाने करायचे ते असे. खोली जशी आहे तशी बंद करावी आणि पाहुण्यासह कोणालाही आत उलथापालथ करू देऊ नये. पाहुण्याकडून काय गेले, शेवटचे कधी पाहिले, हे त्याच्या शब्दांत लिहून सही घ्यावी. धोब्याकडे गेलेल्या चादरी-अभ्र्यांची चौकशी लगेच करावी. ही ओळ मी अनुभवाने लिहिली आहे. सीसीटीव्हीचे चित्रण तत्काळ वेगळे काढावे, कारण यंत्रातील जागा भरली की जुने आपोआप पुसले जाते. ते न्यायालयात चालण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, म्हणून प्रत कोणी, कोणत्या यंत्रातून, केव्हा काढली, हे त्याच वेळी टिपावे. मग ११२ क्रमांकावर किंवा जवळच्या ठाण्यात कळवावे. पाहुण्याला तक्रार देण्यापासून परावृत्त करणे ही मालकाची दुसरी मोठी चूक असते. लॉजचे नाव वर्तमानपत्रात येईल या भीतीने पाहुण्याला शांत करून गाडीत बसवून दिले जाते, आणि तोच पाहुणा घरी जाऊन ‘पोलिसांना बोलावू दिले नाही’ असे लिहितो, तेव्हा काळजी घेतल्याचा आपला सगळा बचाव त्या एका वाक्याने पोखरला जातो.

पाहुणा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार तो जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे जबलपूरचा यात्रेकरू तुम्हाला जबलपूरला बोलावू शकतो. त्याला दोन वर्षांची मुदत आहे. तुम्हाला मात्र नोटीस आल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो, आणि ४५ दिवसांपुढे मुदत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले आहे. नोटिशीचा लखोटा खणात पडून राहिल्याने हरलेली प्रकरणे थोडी नाहीत.

सातवी पायरी: पाहुणा विसरून गेलेल्या वस्तू

चार्जर, कपडे, औषधे रोजच सापडतात; कधी एखादे घड्याळही सापडते. करार अधिनियमाच्या कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू स्वतःकडे ठेवून घेणाऱ्यावर बेलमेंटइतकीच जबाबदारी येते. सापडल्याची वेळ, जागा आणि सापडणाऱ्याचे नाव वहीत लिहावे आणि नोंदणी-पत्रकावरील क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे. मालक कोण हे माहीत असताना, किंवा सहज शोधता येत असताना, वस्तू आपलीशी करणे हा न्याय संहितेच्या कलम ३१४ प्रमाणे अपहार ठरू शकतो, आणि हॉटेलकडे तर नाव, पत्ता, दूरध्वनी सगळेच असते. पाहुण्याने पत्ता कळवून कुरिअरचे पैसे दिले, तर पाठवावे आणि पावती जपावी. सांभाळण्याचा आणि मालक शोधण्याचा खर्च मिळेपर्यंत करार अधिनियमाच्या कलम १६८ प्रमाणे वस्तू धरून ठेवता येते, पण तो खर्च दावा लावून वसूल करता येत नाही. प्रतिसादच आला नाही आणि वस्तू किमती असेल, तर ती पोलीस ठाण्यात जमा करून पोच घेणे सगळ्यात निर्वेध.

आठवी पायरी: बिल थकले, तर सामान अडवता येते का?

लॉजच्या धंद्यात मुरलेले लोक सांगतात, ‘पैसे दिल्याशिवाय बॅग सोडायची नाही.’ इंग्लंडच्या रूढ कायद्यात खानावळ-सराईच्या मालकाला असा धारणाधिकार जुन्या काळापासून आहे. आपल्या करार अधिनियमाची रचना मात्र वेगळी आहे. कलम १७० चा धारणाधिकार त्याच वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले असेल, तर मिळतो. पाहुण्याचे कपडे तुम्ही धुऊन इस्त्री केले, तर धुलाईच्या पैशांसाठी तेच कपडे ठेवून घेता येतील. त्या कपड्यांवर खोलीचे भाडे वसूल करता येणार नाही. कलम १७१ चा सर्वसाधारण धारणाधिकार बँका, आडते, धक्केवाले (धक्क्यावर माल सांभाळणारे), उच्च न्यायालयाचे अॅटर्नी आणि विमा-दलाल एवढ्यांनाच दिलेला आहे. हॉटेलमालक त्या यादीत नाही. यादीबाहेरच्याला तो हवा असेल, तर तसा स्पष्ट करार असावा लागतो.

म्हणून नोंदणी-पत्रकावर ‘देय रक्कम चुकती होईपर्यंत पाहुण्याने हॉटेलच्या ताब्यात दिलेले सामान ठेवून घेण्यास माझी संमती आहे’ असे स्वच्छ शब्दांत लिहून सही घेणाऱ्याची बाजू बळकट असते आणि न घेणाऱ्याची कमकुवत. अशी संमती असली, तरी तिला मर्यादा आहेत. सामान धरून ठेवणे वेगळे आणि विकणे वेगळे. धारणाधिकाराने विक्रीचा हक्क येत नाही. औषधे, ओळखपत्रे, लहान मुलांच्या वस्तू आणि अस्थिकलश कधीही अडवू नयेत. शेवटचे उदाहरण विचित्र वाटेल, पण रामकुंडाजवळ लॉज चालवणाऱ्याला वाटणार नाही. माणसाला तर अडवायचेच नाही, त्याची बॅग खांद्यावरून ओढायची नाही आणि तो आत असताना बाहेरून कडी लावायची नाही. जे सामान ठेवून घ्याल, त्याची यादी दोन साक्षीदारांसमोर करावी, कारण ते तुमच्या ताब्यात असेपर्यंत कलम १५१ ची काळजी तुमच्यावर आहेच.

पाहुण्याने स्वतःहून ‘ही अंगठी ठेवा, दोन दिवसांत पैसे पाठवतो’ म्हटले, तर ते कलम १७२ चे तारण होते. त्याला कागद करावा: किती रकमेसाठी, किती मुदतीसाठी, कोणती वस्तू. मुदतीत पैसे आले नाहीत, तर कलम १७६ प्रमाणे वाजवी नोटीस देऊन ती विकता येते. बिलापेक्षा जास्त आलेली रक्कम पाहुण्याला परत द्यावी लागते आणि कमी पडली, तर उरलेली मागता येते. असा प्रसंग येण्यापूर्वीच डिपॉझिट घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते, आणि तीन दिवसांहून अधिक मुक्काम असेल, तर मी रोजचे बिल रोज सकाळी चहाबरोबर खोलीत पाठवतो.

पैसे न देता पाहुणा निघूनच गेला, तर वसुलीसाठी दिवाणी दावा करता येतो. मुक्कामाच्या आणि जेवणाच्या रकमेसाठी मुदत तीन वर्षांची आहे. सुरुवातीपासूनच फसवण्याचा इरादा होता, उदाहरणार्थ खोटे नाव, खोटा पत्ता, दुसऱ्याचे ओळखपत्र, तर न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार देता येते. नुसते बिल थकणे म्हणजे फसवणूक नव्हे, आणि ठाण्यातला अंमलदार हे सांगून परत पाठवतो, तेव्हा तो टाळाटाळ करत असतोच असे नाही. पाहुणा मागे टाकून गेलेल्या सामानाची पंचांसमोर यादी करावी, ते बांधून मोहोर लावावी, त्याच्या पत्त्यावर पोचपावतीच्या टपालाने नोटीस पाठवावी, आणि लखोटा ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आला, तर तो न फोडता त्याच यादीला टाचून ठेवावा.